अजिंठ्याच्या डोंगरात पावसाळी पायपीट: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. त्यामुळे पाण्याकाठी भटकायचं म्हटलं की आपली माणसं कोकणाचं नाहीतर महाबळेश्वरचं आरक्षण शोधायला लागतात. कोकणच्या किनाऱ्यावर जो काळा कातळ लाटा अंगावर घेतो तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आपल्याकडे अजिंठ्याच्या रांगेत उभा चिरलेला आहे. फरक एवढाच की इथे त्याला समुद्राने नाही, ओढ्यांनी कापलंय. श्रावणात या चिरांमधून पाणी उतरतं तेव्हा दिवसभर पायी हिंडण्यासारखा मुलूख तयार होतो आणि तो छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे.

हा लेख कधीच डोंगरात न चाललेल्यांसाठी आहे. वाट मी एकच सुचवणार आहे: वाघूर नदीची घळ, लेण्यांच्या पायथ्यापासून समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत आणि परत. धडधाकट माणसाला दिवस पुरून उरतो. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये हजार-पंधराशे रुपये भरून जाण्याची काही गरज नाही. तीन-चार जण मिळून नीट तयारीने निघालात तरी पुरे. एकट्याने मात्र पहिल्या खेपेला जाऊ नका.

तारीख पाण्याला विचारून ठरवा

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृगाच्या दोन सरी पडल्या की फोनवर धबधब्याचे जुने व्हिडिओ फिरू लागतात, आणि रविवारी गाड्या भरून लोक निघतात. तिथे जाऊन बघतात तर कोरडा कातळ. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी सुमारे ७०० मिमी, आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर खोल भेगा पडलेल्या असतात. सुरुवातीचा सगळा पाऊस या भेगा पितात. जमीन फुगून भेगा बुजल्या, माळावरची डबकी भरली, की मगच ओढ्याला धार लागते. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, बरा झाला असेल तर जुलै अखेरीपासून पाणी दिसतं. नक्षत्रांच्या हिशेबाने सांगायचं तर पुष्य ते उत्तरा हा काळ धरा, म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत.

या काळातलाही कुठलाही दिवस चालत नाही. इथले ओढे छोट्या पाणलोटाचे. पाऊस थांबला की दोन-चार दिवसांत धबधब्याची नुसती ओघळ उरते. उलट भर पावसात गेलात तर धुक्यात आणि चिखलात काही दिसत नाही, शिवाय जीवाला धोका. मग जायचं कधी? दोन-तीन दिवसांची झड लागून गेल्यावर जी पहिली उघाड मिळते, तिच्या दुसऱ्या दिवशी. पाणी भरपूर असतं, ते निवळलेलं असतं आणि वाट थोडी सुकलेली असते. असा दिवस मंगळवारी आला तर मंगळवारी रजा टाका, रविवारची वाट बघू नका. रविवारी तिथे पायापेक्षा माणसंच जास्त आडवी येतात. फक्त एक ध्यानात असू द्या: अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची सुट्टी मंगळवारी, आणि या दोन वारांची गल्लत करून परत फिरलेली माणसं दर पावसाळ्यात भेटतात.

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत पुढे ढकला, वाद नको. सोबत ‘दामिनी’ हे अ‍ॅप फोनमध्ये असू द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ते केलंय आणि आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सांगतं. मराठवाड्यात पुरापेक्षा विजेची भीती जास्त बाळगावी, असं माझं मत आहे.

पायात काय, पाठीवर काय

महागडे बूट घेऊन येऊ नका, पण चप्पल किंवा गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूजही नकोत. तळव्याला खोल खाचा असलेला, घोट्याला धरून बसणारा साधा बूट पुरतो. तो नवाकोरा नको, आधी आठवडाभर गल्लीत वापरून मऊ केलेला हवा. बूट भिजणारच आहे, त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’च्या नादाला लागू नका. आत शिरलेलं पाणी त्यातून बाहेरही पडत नाही. जाड मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. दुपारी कोरडे मोजे घातल्यावर जो जीव सुखावतो, तो चहानेही सुखावत नाही.

काळ्या मातीचं वेगळं सांगायला हवं. रानातून चार पावलं टाकली की बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात, आणि पाचव्या पावलाला प्रत्येक पाय किलोभर जड झालेला असतो. तो चिखल कातळावर चढायच्या आधी काडीने खरवडून काढा. चिखलाने भरलेल्या तळव्याला खाचा उरत नाहीत, आणि तसाच पाय ओल्या दगडावर ठेवला की माणूस सरळ बसकण मारतो.

जीन्स घालू नका. भिजल्यावर ती गुडघ्याला आवळते आणि दिवसभर वाळत नाही. पातळ ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टोपी. छत्रीपेक्षा अंगभर रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. काठी मात्र विसरू नका. बांबूची, छातीपर्यंत येणारी, खाली जाड असलेली. गुराख्याच्या हातात काठी उगीच नसते: पाण्याची खोली, चिखलाचा दम, गवतातलं सरपटणारं, तिन्हींचा अंदाज त्याच एका काठीने येतो.

पिशवीत माणशी दोन-अडीच लिटर पाणी घ्या. समोर एवढं पाणी वाहत असताना पाणी वाहून कशाला न्यायचं, असं वाटेल. पण ते ओढे वरच्या माळावरून येतात, तिथे गुरं चरतात, आणि निवळ दिसणारं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. ओआरएसची दोन पाकिटं, चिकटपट्टी, जंतुनाशक, छोटी बॅटरी, शिट्टी, फोनसाठी चेनवाली प्लास्टिक पिशवी. खायला धपाटे न्या. धपाटा सहा तासांनीही मऊ राहतो, हाताने तुटतो, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी व कांदा असला की बाकी काही लागत नाही. भाकरी वाळते, पोळी चिवट होते, ब्रेड भिजतो. गूळ-शेंगदाण्याची पुडी खिशात वेगळी ठेवा, चढताना तीच लागते.

निघणं आणि पोचणं

संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर, असा रस्ता आहे. जळगावकडे जाणारी एसटी फर्दापूरच्या अलीकडे लेण्यांच्या तिठ्यावर उतरवते. ‘अजिंठा’ एवढंच सांगितलंत तर कंडक्टर तुम्हाला वर अजिंठा गावात उतरवेल. ‘लेणी फाटा’ किंवा ‘तिठा’ म्हणा. पहाटे साडेपाच-सहाला निघालात तर नऊच्या आत पोचता. आपली गाडी असली तरी ती तिठ्यावरच उभी करावी लागते. तिथून पुढचे साधारण ४ किलोमीटर एसटीच्या बसने जायचं असतं. लेणी सकाळी ९ वाजता उघडतात.

अजिंठ्याचा घाट उतरताना गाडीतून उजवी-डावीकडे नजर असू द्या. या रांगेच्या दक्षिणेला पडलेलं पाणी पूर्णा नदीला मिळतं, येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं भरतं, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. उत्तरेला उतरलेलं वाघूरमधून तापीला आणि सुरतेपाशी अरबी समुद्राला. मराठवाड्याला समुद्र नाही हे खरं, पण अजिंठ्याच्या माथ्यावर पडलेल्या पावसाला दोन समुद्रांतून एक निवडावा लागतो.

आधी चढ, मग लेणी

बहुतेक लोक पोचल्या पोचल्या लेणी बघतात, दुपारी जेवतात आणि तीन वाजता व्ह्यू पॉइंट चढायला निघतात. हे उलटं आहे. विजा आणि वळवासारखा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणजे नेमके तुम्ही उघड्या सोंडेवर, डोंगराच्या उतरत्या धारेवर, असताना. म्हणून सकाळची नितळ वेळ डोंगराला द्या आणि दुपार लेण्यांना. वरून गडगडायला लागलं तर डोक्यावर दीड-दोन हजार वर्षांचं छप्पर असतं. नाहीतरी ही लेणी त्यासाठीच कोरली होती. भिक्खूंनी पावसाळ्याचे महिने हिंडणं थांबवून एका जागी राहायचं, तो वर्षावास. ज्या ऋतूत आपण तिथे जातो, त्याच ऋतूसाठी ती जागा बांधलेली आहे.

प्रवेशद्वारावर तिकीट काढा, ते जपून ठेवा, आणि रखवालदाराला विचारा की आज पलीकडे जाता येतंय का. लेण्यांच्या खाली वाघूर ओलांडायला पूल आहे. पुलाजवळ पाणी चढलं असेल किंवा त्याने नको म्हटलं, तर वाद न घालता लेणी बघा आणि परत या. तो माणूस रोज ती नदी बघतो.

पूल ओलांडला की चढ सुरू. काही भाग बांधलेल्या पायऱ्यांचा, काही दगडगोट्यांचा. पहिला टप्पा खालच्या छत्रीचा, म्हणजे छोट्या मंडपाचा, तिथे बसून समोर बघितलं की घोड्याच्या नालाच्या आकाराचं वळण आणि त्यात ओळीने कोरलेली लेणी एका नजरेत येतात. कडा सुमारे ७६ मीटर उंच आहे. तिथून आणखी वर माथ्यावरचा व्ह्यू पॉइंट. नवख्याला पुलापासून माथ्यापर्यंत पाऊण ते सव्वा तास लागतो. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीला आला असताना याच बाजूने त्याला पलीकडची कमान दिसली, असं सांगतात. तारीख मात्र नक्की आहे, २८ एप्रिल १८१९, कारण त्याने ती दहाव्या लेण्याच्या खांबावर नावासकट कोरून ठेवली. दोनशे वर्षांपूर्वीचाही पर्यटक तसाच. आसपासच्या गावकऱ्यांना आणि गुराख्यांना ही जागा आधीपासून ठाऊक होती, हे वेगळं सांगायला नको.

चढताना गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवा. बोलताना धाप लागली तर सगळ्यांत मागच्या माणसाच्या चालीने चाला, पुढच्याच्या नव्हे. तेरडा फुललेला असतो, सागाच्या पानांवर पाऊस वाजत असतो, मोर ओरडत असतात. वानरं मात्र जवळून बघायची गोष्ट नाही. हातात पिशवी दिसली की ती खाऊचीच आहे, असं त्यांचं ठाम मत असतं. खाणं बॅगेच्या तळाशी ठेवा आणि त्यांच्यासमोर चेन उघडू नका.

वाटेत डोंगरावरून उतरणाऱ्या बारीक ओघळी आडव्या येतात. त्यांच्याजवळ जरा थांबून कातळ बघा. एका थरावर दुसरा असे लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे रचलेले दिसतील. थराचा मधला भाग घट्ट, काळाभोर. वरचा भाग सच्छिद्र, भोकाभोकांचा, कारण लाव्हा थंड होताना त्यातली वाफ वर आली आणि बुडबुडे तिथेच गोठले. पुढे कित्येक काळाने त्या पोकळ्यांत पांढरे-गुलाबी स्फटिक वाढले. तिठ्यावर विक्रेते पुढ्यात धरतात ते हेच. सच्छिद्र थर पाण्याने लवकर झिजतो, घट्ट थर टिकतो, त्यामुळे पाणी सलग न घसरता टप्प्याटप्प्याने उडी मारतं. घळीच्या डोक्याशी वाघूर अशाच सात उड्या मारते, त्याला सातकुंड म्हणतात. आणि म्हणूनच इथला कड्याचा काठ भरवशाचा नसतो: वरचा घट्ट दगड शाबूत दिसतो, पण खालचा मऊ थर आतून खाल्लेला असतो.

काठापासून निदान तीन-चार पावलं आत राहा. गवत जिथे संपतं तिथे कडा संपतो, असं समजू नका. पावसाळ्यात गवत काठाच्या पुढे हवेत झुकलेलं असतं. फोटो काढताना पाय हलवायचे नाहीत आणि पाय हलवताना फोटो काढायचा नाही, हा नियम ग्रुपमधल्या सगळ्यांत उत्साही माणसाला दोनदा सांगा. सातकुंडाच्या काठावर उतरायची हौस कुणी बोलून दाखवली तर सरळ नाही म्हणा. ते कुंड वरून, लांबून बघायची गोष्ट आहे. ओल्या शेवाळलेल्या उतारावरून घसरलेल्या माणसाला धरायला तिथे काहीही नाही.

माथ्यावर साडेअकरापर्यंत पोचला नसाल तर जिथे असाल तिथून परत फिरा. ही वेळ सकाळीच सगळ्यांनी मिळून ठरवायची, वर गेल्यावर नाही. वर गेल्यावर ‘आलोच आहोत तर’ सुरू होतं.

ओढा ओलांडताना

या वाटेवर पूल आहे, म्हणून ही वाट पहिली. पुढच्या खेपेला गौताळ्याचं जंगल, वेताळवाडीचा किल्ला किंवा जंजाळ्याची लेणी यांच्या बाजूला गेलात की पूल नसलेले ओढे आडवे येतील, आणि मराठवाड्याच्या डोंगरात खरी परीक्षा चढाची नसून या दहा-वीस फूट पाण्याची असते. हे शिकून मगच तिकडे जा.

पाण्यात पाय घालण्याआधी पाच मिनिटं थांबा. काठावर पाण्याला टेकलेला एक दगड हेरून ठेवा. पाच मिनिटांत तो बुडत चालला तर पाणी चढतंय. बाकी खुणाही पाणीच देतं: निवळ पाणी एकाएकी गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, आवाज जड होणं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या माळावर तासभर आधी ढगफुटीसारखा पाऊस झालेला असतो. लोंढा आभाळ बघून येत नाही. अशी एकही खूण दिसली तरी काठापासून उंच जागी जा आणि बसून राहा. आपले ओढे जसे झटक्यात चढतात तसे उतरतातही. दोन-तीन तासांत वाट मोकळी होते. बसून कंटाळा येतो, एवढंच.

जवळपास गुराखी किंवा वावरात कुणी असेल तर हाक मारा.

“मामा, रामराम. वढा उतरता येतो का?”

“राती लई झालाय वर. आता नका उतरू. खालच्या अंगाला या, तिथं पसरट हाय.”

या दोन वाक्यांत नकाशाच्या अ‍ॅपपेक्षा जास्त माहिती आहे. ‘खालच्या अंगाला पसरट’ म्हणजे काय ते बघा. नवखा माणूस सगळ्यांत अरुंद जागा शोधतो, कारण अंतर कमी दिसतं. पण तेवढंच पाणी अरुंद जागेतून जाताना खोलही होतं आणि वेगवानही. पात्र जिथे रुंद, पाणी उथळ आणि तळाला मुरूम किंवा बारीक गोटे, तिथे उतरायचं. मोठ्या गुळगुळीत धोंड्यांवरून उड्या मारत जाऊ नका. दिसायला कोरडा असलेला धोंडाही शेवाळाने निसरडा असतो, आणि पाय मोडला तर तो असाच मोडतो. त्यापेक्षा सरळ पाण्यात पाय ठेवा, बूट घालूनच. अनवाणी पायाला टोचलं की तोल जातो.

पाठीवरच्या बॅगेचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलात तर बॅग काढून टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या बाजूला पुढे रोवलेली, आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. काठी आणि दोन पाय या तिघांपैकी एका वेळी एकच हलवायचा. ग्रुप असेल तर एकामागे एक, पुढच्याचे खांदे धरून, सगळ्यांत दणकट माणूस वरच्या बाजूला. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोराचं असेल तर उतरायचंच नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून मांडीभर संथ डोहापेक्षा गुडघाभर धावतं पाणी जास्त वाईट. आणि ओलांडायच्या जागेच्या खाली धबधबा असेल तर पाणी घोट्याएवढं असलं तरी तिथे ओलांडायचं नाही.

डोहात पोहण्याचं विचारूच नका. धबधब्याखालच्या कुंडाची खोली दर पुराला बदलते आणि खाली कपारी असतात. पोहता येणारी माणसंच तिथे बुडतात, न येणारी काठावर बसतात.

विजा, साप, मधमाश्या

गडगडाट ऐकू आला की माथा आणि सोंड सोडून खाली उतरा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, लोखंडी कठड्याला टेकू नका, आणि सगळे एका घोळक्यात न राहता अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

साप दिसणं नवल नाही, चावणं क्वचित. हात न बघता कपारीत घालायचा नाही, आडव्या ओंडक्यावर पाय ठेवून मगच पलीकडे टाकायचा. चावलाच तर चिरणं, चोखणं, दोरी आवळणं, मांत्रिक, यांतलं काहीही नको. माणसाला शांत बसवा, अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधून हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. नेटवर्क नसेल तर उचलून खाली आणा. प्रतिविष सरकारी रुग्णालयातच लवकर मिळतं, खासगी दवाखान्यांच्या फेऱ्यांत वेळ घालवू नका.

पावसाळा सरत आला की कड्यांना आग्यामोहोळाची पोळी लागतात. तिथे धूर नको, आरडाओरडा नको, अत्तर मारून जाणं नको.

दुपार

बाराच्या सुमारास खाली आलात की मोजे बदला आणि लेण्यांच्या पायथ्याला, बाहेरच, धपाटे काढा. मग लेणी निवांत. एकूण ३० आहेत. सगळी बघायचा अट्टहास करू नका, पाय आधीच दमलेले असतात. ९ आणि १० ही जुनी, इसवी सनापूर्वीच्या काळातली चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची दालनं. १, २, १६, १७ ही चित्रांसाठी, पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. फ्लॅश बंद ठेवा. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं द्या. लोक दारातून आत येतात, काही दिसत नाही म्हणतात आणि निघून जातात.

१६ व्या लेण्याकडे मात्र खालून, नदीच्या बाजूने बघा. पायऱ्यांच्या तोंडाशी दोन्हीकडे दगडी हत्ती आहेत आणि वर चढताना समोर कोनाड्यात नागराज बसलेला दिसतो. पूर्वी लेण्यांना नदीवर उतरणाऱ्या अशा आपापल्या पायऱ्या होत्या. आज आपण जो सलग कठडा धरून चालतो, तो अलीकडचा. म्हणजे मुळात इथे येणारा माणूस वाघूरच्या पात्रातून वर चढायचा, आणि पाण्याची राखण करणारा नाग त्याला आधी भेटायचा. सकाळी तुम्ही समोरच्या डोंगरावरून आला असाल तर ही मांडणी चटकन कळते.

चारच्या आसपास तिठ्याकडे जाणारी बस धरा. परतीच्या एसटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून ठेवलेली बरी.

पाय सरावले की

अजिंठा झाल्यावर दुसरी खेप पितळखोऱ्याची करा. कन्नड तालुक्यात, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या अंगाला, खोल घळीत उतरत जाणारी वाट आहे, आणि घळीत लेणी आहेत. सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. पावसाळ्यात घळीचा ओढा वाहता असतो, तेव्हा वर सांगितलेलं सगळं तिथे लागू. गौताळ्यात हिवरखेड्याच्या बाजूने शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते. ते जंगल बिबट्याचं आहे, अंधार पडायच्या आत बाहेर या. सिल्लोड-सोयगावकडे वेताळवाडीचा किल्ला आणि जंजाळ्याची घटोत्कच लेणी आहेत. तिथे वाटा कमी मळलेल्या, म्हणून गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे आधी बोलून ठरवा.

घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतील आणि फार चालायचं नसेल तर बालाघाटाकडे वळा. बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींचं समाधीस्थान आहे आणि तिथेच धबधबा. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून कोसळते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. देवळापर्यंत पायऱ्या उतरणं सोपं, चढताना गुडघे बोलतात, हे आजीला आधी सांगा. नळदुर्गला बोरी नदीवर किल्ल्यातच धरण आणि त्याच्या पोटात पाणीमहाल, १६१३ चं आदिलशाही काम. सांडव्यावरून पडणाऱ्या दोन धारांना नर आणि मादी म्हणतात, धरण भरून वाहत असेल तरच त्या दिसतात. नांदेडवाल्यांना सहस्रकुंड जवळ: पैनगंगा रुंद काळ्या कातळावरून खाली झेपावते. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा, अलीकडून इस्लापूरच्या बाजूने जायचं. पाणी वरून सुटलेलं असेल तर पात्रातल्या खडकावर उतरू नका, मागे वळून बघेपर्यंत परतीची वाट बंद झालेली असते.